टेपच्या दुसऱ्या बाजूला

धारवाड, ५ फेब्रुवारी २००१

प्रभंजन,

वर 'तीर्थरूप अण्णा' लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे.

परवा शनिवारी इथल्या एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी माझं गाणं ऐकलं. तिसऱ्या रांगेत बसून, नेत्राला मांडीवर घेऊन, शेंगा सोलत. स्टेजवर तुझा बँड होता, 'भट्टी'. तुझ्या गळ्यात गिटार, मागं साकेत ड्रम्सवर, कानाला हेडफोन. आणि मधोमध, जिथं चार वर्षं मी उभी राहायचे तिथं, एक पोरगी. वीस-एकवीसची असेल. तिनं माइक तोंडाजवळ नेला, तोंड उघडलं आणि आतून मी बाहेर आले.

आधी वाटलं, आवाजात साम्य असेल. असतात तसे आवाज. मग सहावं गाणं लागलं. त्या गाण्यात शेवटच्या कडव्याच्या आधी लांबून एक भोंगा येतो. गोकुळ रोडवर आपल्या अप्पांच्या शेडशेजारी जो कारखाना आहे, त्याचा दुपारी साडेबाराचा भोंगा. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात आपण त्या शेडमध्ये रेकॉर्डिंग केलं, तेव्हा भिंतींना गाद्या टांगल्या होत्या तरी तो आत शिरला होता. परवा संध्याकाळी साडेसातला, धारवाडात, कॉलेजच्या मैदानावर तोच भोंगा पुन्हा वाजला. कुणाचं लक्ष गेलं नाही. मी मात्र मनगटावरचं घड्याळ बघितलं.

विनायक माझ्याकडं बघत होता. मी मान वळवली तसा तो शेंगांकडं बघायला लागला.

घशातली गाठ काढली त्याला सव्वादोन वर्षं झाली. तेव्हापासून मी गात नाही, आणि जे बोलते त्याला बोलणं म्हणत नाहीत. फोन उचलला तर पलीकडून 'बोला साहेब' म्हणतात. शाळेतली नोकरी सुटली. आता वाचनालयात बसते, कारण तिथं कुणाला माझ्याशी बोलायचं नसतं. हे सगळं तुला माहीत आहे. मग माझ्या उरलेल्या आवाजाला दुसरीचं तोंड लावताना बहिणीला एकदा विचारावंसं वाटलं नाही?

हुबळी काही लांब नाही. बसनं पाऊण तासात तुझ्या दुकानात येऊन उभी राहू शकते. पण तिथं मी खरखर करणार, तू कान पुढं करून 'काय? काय म्हणालीस?' विचारणार आणि गिऱ्हाइकं बघणार. कागदावर माझा आवाज पूर्वी होता तसाच आहे, म्हणून लिहिते आहे.

मी स्टेजवर कधी खोटी उभी राहिले नाही. माझ्या नावावर तू ते करू नकोस. ती टेप माझी आहे. पाठवून दे.

इंदुमती

ता. क. त्या पोरीनं माझे श्वाससुद्धा पाठ केलेत. श्वास तरी तिचे तिला घेऊ दे.


धारवाड, १९ फेब्रुवारी २००१

प्रभंजन,

तुझं पत्र मिळालं. दुकानाच्या छापील कागदावर लिहिलंस. वर कोप्पीकर रोडचा पत्ता, खाली 'आमच्याकडे सर्व भाषांतील कॅसेट मिळतील'. बहिणीचीही मिळेल, एवढं छापायचं राहिलंय.

'आवाज तुझा असेल, बँड माझा आहे.' हे तुझं पहिलं वाक्य. 'कपाटात पडून राहण्यापेक्षा लोक ऐकतात, यात आनंद मान.' हे दुसरं. तिसऱ्यात विनंती आहे: एकवीस एप्रिलला हुबळीत मोठा कार्यक्रम आहे, बेंगळूरहून कॅसेट कंपनीचा माणूस येणार आहे, तोवर गप्प राहा. मला गप्प राहायला सांगणारा तू जगात एकटाच असशील. बाकीच्यांना त्याची गरज वाटत नाही.

तुला वाटतंय मला गाणी परत हवीत. ती गाणी ठेव तुझी. मला गाण्यांच्या मधलं हवंय.

मी परवा केशवापूरला पद्मनाभच्या घरी जाऊन आले. तो तुझा साउंडवाला असेल, पण माझं रेकॉर्डिंगही त्यानंच केलं होतं. दार उघडून तो दोन पावलं मागं सरला.

"अक्का! तुम्ही? या की आत. चहा घेणार? घ्याच. अगं, अक्का आल्यात बघ!"

मी विचारलं, त्या टेपवर गाण्यांच्या मध्ये मी जे बोलत होते ते आहे का. दोनदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा त्यानं ओठांकडं बघून ओळखलं.

"सगळं तसंच आहे हो अक्का. तुमचा खोकलासुद्धा काढलेला नाही."

"मग कार्यक्रमात कसं ऐकू येत नाही?"

तो हसला. शिकवायला मिळालं की तो असाच हसतो. म्हणाला, "टेपवर दोन पट्ट्या एकदम वाजतात. एका बाजूला टिकटिक आहे, ती फक्त साकेतच्या कानात जाते. त्या टिकटिकीवर तो वाजवतो, त्याच्यावर बाकीचे. दुसऱ्या बाजूला तुम्ही. तुमचा शेवटचा सूर संपला की मी हे असं खाली ओढतो," त्यानं टेबलावर बोट ओढून दाखवलं, "आणि मग मशीन थांबवतो. पुढचं कुणाला कळत नाही."

एवढंच. वर्षभर मी पद्मनाभच्या बोटाखाली बसलेय.

कॉपी करून दे म्हटलं तर त्याचा चेहरा उतरला. टेप तुझ्या दुकानातल्या कपाटात असते, कार्यक्रमाच्या दिवशीच त्याच्या हातात येते, कॉपी काढायची नाही अशी तुझी ताकीद आहे. "एक कॉपी बाहेर गेली की वेदश्रीचं काय राहिलं, असं अण्णा म्हणतात." त्या पोरीचं नाव मला असं कळलं. निघताना चप्पल घालत होते तेव्हा तो म्हणाला, "अक्का, खरं सांगतो, टेप थकली. चौथ्या गाण्यात आता चरचर येते. जितकी लावू तितकी झिजणार."

आता नीट वाच. नेत्रा पाच वर्षांची होईल. ऑपरेशन झालं तेव्हा ती अडीच वर्षांची होती. तिला माझा आवाज आठवत नाही. बालवाडीत कुणी तिला म्हणालं, तुझी आई बाबांसारखी बोलते. घरी येऊन तिनं मला विचारलं, "तू आधीपासून अशीच आहेस?" मी नाही म्हणाले. "मग आधी कशी होतीस?" मी तोंड उघडलं आणि मिटलं. काय दाखवणार? त्या काळात आपल्या घरात कुणी कुणाचं बोलणं टेप करून ठेवत होतं? माझं बोलणं जगात एकाच ठिकाणी आहे, आणि प्रत्येक शनिवारी तू ते थोडं थोडं झिजवतो आहेस.

मला एक कॉपी हवी आहे. एप्रिलनंतर नको, आता हवी.

पत्राच्या शेवटी तू विचारलंयस, पहिल्यांदा टेप लावायला कुणी सांगितलं होतं. त्याचं उत्तर देणं मला गरजेचं वाटत नाही.

इंदुमती


धारवाड, ११ मार्च २००१

प्रभंजन,

काल विनायक बोलून गेला.

तुझ्या पत्रावरून आमचं चाललं होतं. चाललं होतं म्हणजे तो बोलत होता आणि मी भांडी आपटत होते. तो म्हणाला, "अगं, त्यानं रेकॉर्ड केलं म्हणून तरी आवाज राहिला ना? डॉक्टर म्हणाले तेव्हा मी नुसता बसून होतो. त्याला तरी सुचलं."

मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले? केव्हा?"

तो शर्टाची बाही दुमडत बसला. एकच बाही. दुमडायची, सोडायची.

म्हणजे गाठ कळली त्याच आठवड्यात तुम्ही दोघं डॉक्टरांसमोर बसला होता. मी बाहेर बाकावर होते, नेत्राला केळं भरवत. ते म्हणाले, गाठ जीवघेणी नाही, पण जागा वाईट आहे, काढताना आवाजाची नस जाऊ शकते. तुम्ही बाहेर आलात. तू म्हणालास, "काही नाही गं, साधी गाठ आहे. दिवाळी झाली की काढून टाकू." आणि बसस्टॉपवर मला उसाचा रस पाजलास.

पुढच्याच आठवड्यात रेकॉर्डिंग. अप्पांच्या शेडमध्ये, अप्पा गेल्यापासून त्यांची लोखंडाची भट्टी थंड पडली होती त्या जागी. चार दिवसांत अकरा गाणी. तू माझ्यावर किती खेकसलास त्या चार दिवसांत! पाणी प्यायला उठले तर खेकसलास. मी म्हणालेही, "दिवाळीनंतर करू की. कुठं पळून चाललोय आपण?" वर चढून गाद्या सरळ करत राहिलास. मला वाटलं, बँडच्या नादानं डोकं फिरलंय याचं.

म्हाताऱ्या माणसाचा फोटो काढून ठेवतात, तसं तू माझं गाणं काढून ठेवलंस. म्हाताऱ्याला निदान कळतं, फोटो कशासाठी काढतायत ते.

तुम्ही दोघांनी ठरवलंत, इंदूला सांगायचं नाही, ती घाबरेल. घाबरले असते. रडले असते, जेवले नसते. पण ती भीती माझी होती. ती तुम्ही आपसात वाटून घेतलीत आणि मला उसाचा रस दिलात.

मला माहीत असतं तर मी काय केलं असतं, सांगू? तुझी अकरा गाणी गायले नसते. लोखंड, ठिणग्या आणि उन्हातल्या सडका यांच्यावर माझा शेवटचा आठवडा घालवला नसता. मी नेत्राला हाक मारली असती. शंभर वेळा, शंभर तऱ्हांनी. जेवायला ये म्हणून, पडशील म्हणून, शहाणी माझी म्हणून, थांब तुला दाखवते म्हणून. वर्गातल्या पोरांची हजेरी घेतली असती. विनायकशी भांडले असते, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं. भांडण मला किती छान जमायचं! आता मी भांडले तर तो माझ्या घशाची काळजी करतो.

त्या चार दिवसांवर माझा हक्क होता. ते तू स्वतःसाठी वापरलेस, आणि अजून वापरतो आहेस.

विनायकशी मी बोलत नाही. त्याला फरक कळायला दोन दिवस लागतील.

इंदुमती


धारवाड, २८ मार्च २००१

प्रभंजन,

पाडव्याला आला नाहीस. अश्विनीवहिनी एकटीच आली, कडुलिंब-गूळ देऊन गेली. म्हणाली, "त्यांचं डोकं ठिकाणावर नाही हो वन्सं. प्रॅक्टिस, प्रॅक्टिस." कसली प्रॅक्टिस? मी तर दर वेळी हुबेहूब गाते.

तिच्या हाती चिठ्ठी पाठवलीस, त्यात पुन्हा तोच प्रश्न. पहिल्यांदा टेप लावायला कुणी सांगितलं होतं?

बरं. मी सांगितलं होतं.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत, ऑपरेशनला तीन महिने होऊन गेले होते. हुबळीच्या कॉलेजचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. तू तो रद्द करणार होतास, हेही लिहिते, म्हणजे नंतर म्हणायला नको. मीच म्हणाले, "टेप लाव. मी उभी राहते. कुणाला कळणार आहे?" तू म्हणालास, "इंदू, नको." मी हट्ट धरला. मला वाटलं होतं, गाणं कानावर पडलं की घसा आपोआप उघडेल.

उघडला नाही. मी दीड तास तोंड हलवलं. पोरं नाचली, टाळ्या वाजल्या, आणि मी त्या वाकून घेतल्या. एका मुलीनं येऊन माझी सही घेतली. मी तिला 'थँक्यू' म्हणाले आणि ती दचकली. तिचा चेहरा मला अजून दिसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशासमोर उभी राहून मी नुसतंच तोंड उघडमीट करून बघितलं. त्यानंतर स्टेजवर चढले नाही.

तर पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं होतं. त्याची लाज वाटते, आणि तुझ्यासमोर कबूल करावं लागलं याची जास्त वाटते. पण मी ते एकदा केलं. तू वर्षभर करतो आहेस, आणि त्यात एका पोरीला उभी करून तिचा माइक बंद ठेवतो आहेस. ती खरंच गाते का रे त्या बंद माइकमध्ये? तिच्या मानेच्या शिरा फुगतात, मी बघितलंय. तोंड हलवणाऱ्याच्या शिरा फुगत नाहीत. माझ्या फुगल्या नव्हत्या.

कॉपी अजून आलेली नाही.

एकवीस तारखेला मी नेत्राला घेऊन येणार आहे. घाबरू नकोस, गोंधळ घालणार नाही. गोंधळ घालायला काय लागतं, ते माझ्याकडं नाही.

इंदुमती


धारवाड, २५ एप्रिल २००१

प्रभंजन,

पद्मनाभला काढलंस असं कळलं. तो आला होता. जिन्यातच उभा राहिला, आत येईना. "अक्का, अण्णा म्हणाले, हाताला लकवा झाला होता का तुझ्या?" एवढं सांगून गेला. तुला त्यानं खरं सांगितलेलं दिसत नाही. म्हणून मी सांगते.

सहा वाजता मी मैदानावर पोचले. तू मला बघितलंस, पुढच्या रांगेतल्या खुर्चीकडं हात केलास. मी तिथं बसले नाही. मैदानाच्या मधोमध पद्मनाभचं टेबल होतं, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले, नेत्रा मांडीवर. त्यानं नेत्राला पेपरमिंट दिलं. मला काही विचारलं नाही.

पाच गाणी झाली. पाचही वेळा शेवटच्या सुरावर त्याचं बोट अलगद खाली आलं, लोणी काढावं तसं. मी त्या बोटाकडंच बघत होते. स्टेजकडं बघितलंच नाही.

सहाव्या गाण्यात भोंगा आला. गोकुळ रोडची माणसं होती गर्दीत. माझ्या मागं एकानं दुसऱ्याला विचारलंही, "आत्ता कसला रे भोंगा? ओव्हरटाइम हाय की काय?" दोघं हसले. मग शेवटचा सूर. लांबवलेला, तुला आवडायचा तो. तो संपता संपता पद्मनाभचं बोट निघालं आणि मी त्याचं मनगट धरलं.

जोर लावला असता तर तो सुटला असता. डावा हात तर मोकळाच होता, मशीन थांबवता आलं असतं. ते त्यानं का केलं नाही, हे मी त्याला विचारलेलं नाही.

वेदश्री पाठमोरी होऊन पाणी पीत होती. बाटली तोंडाला. टाळ्या चालू होत्या. आणि त्या सगळ्यावरून, चारही बाजूंच्या स्पीकरमधून, मी म्हणाले:

"अण्णा, भोंगा झाला रे. आत शिरला असणार बघ. परत घेऊया का? ... पाणी दे की. हे नको, माठातलं."

आणि हसले. मी अशी हसायचे, हे मी विसरले होते. शेवटी थोडं नाकात जायचं हसू.

टाळ्या थांबल्या. वेदश्री बाटली तशीच धरून स्पीकरकडं वळली. कुठून तरी एकजण कानडीत ओरडला, टेप आहे म्हणून: "टेप ऐत ले, टेप!" मग शिट्ट्या, मग चपला, मग खुर्च्या. पुढच्या रांगेतला तो बेंगळूरचा माणूस उठला आणि रुमालानं पँट झटकत बाहेर गेला. पद्मनाभनं तिचा माइक उघडला, हे तुझ्या लक्षात आलं का? ती गायली. दोन ओळी. आवाज जाड आहे तिचा, माझ्यासारखा अजिबात नाही, पण सुरात होता. कुणी ऐकला नाही. तूही नाही. तू साकेतवर ओरडत होतास.

हे सगळं मी केलं. पद्मनाभला परत घे.

तू लिहितोस, 'झालं समाधान? सहा वर्षांची मेहनत मातीत घातलीस.' आणि पुढं शिवी लिहून खोडली आहेस. खोडायला नको होती, वाचता येतेच.

समाधान झालं की नाही, ते सांगते. शिट्ट्या चालू असताना नेत्रानं माझा पदर ओढला. "आई, ती कोण बोलली?"

मी म्हणाले, "मी."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मग स्पीकरकडं. मग पुन्हा माझ्या तोंडाकडं.

"खोटं," ती म्हणाली.

तुझं गेलं ते मी मोजू शकते. मला काय मिळालं ते हे.

इंदुमती


धारवाड, १८ जून २००१

अण्णा,

वर 'अण्णा' लिहिलंय. टेपवर तीच हाक आहे, ती ऐकून लिहिली गेली. जास्त अर्थ काढू नकोस.

टेप मिळाली. गेल्या महिन्यात वेदश्री घेऊन आली, ओढणीत गुंडाळून. दारात उभी राहून म्हणाली, "अण्णा म्हणाले, धारवाडला जातीयेस तर हे देऊन ये, एवढंच." मी तिला आत घेतलं. रागानं बोलायचं ठरवलं होतं, पण माझी खरखर ऐकून तिनं कान पुढं केला नाही. खुर्ची पुढं ओढली. इथं एका गाण्याच्या बाईंकडं शिकायला येते म्हणाली. मग जाता जाता, चप्पल घालताना, "अक्का, तुमचे श्वास मला पाठ झालेत. माझं गाणं म्हणताना पण तिथंच तुटतं. काय करू?"

मी म्हणाले, "गात राहा. जातील." जातील की नाही, मला ठाऊक नाही.

पद्मनाभनं मशीन आणून साध्या कॅसेटवर उतरवून दिलं. त्याला तू परत घेतलं नाहीस, तो आता लग्नात स्पीकर लावतो. 'भट्टी' तू बंद केलीस हेही त्याच्याकडूनच कळलं, आणि शेडला कुलूप घातलंस हेही.

आम्ही ती पहिल्यापासून ऐकली. तुझी गाणी पुढं पळवली. मधलं मधलं ऐकलं. माठातलं पाणी. गादीतला कापूस नाकात गेला म्हणून शिंका. "पद्मनाभ, तुझ्या बायकोनं दिलेली चटणी कुठाय?" पद्मनाभ डोळे पुसत हसत होता. नेत्रा मशीनला कान लावून बसली होती, अजून संशयानं.

अकरावं गाणं संपलं. चौथ्या दिवशीचं शेवटचं. मला वाटलं, इथं संपलं. पण टेप चालूच होती. बराच वेळ नुसती शांतता, लांबवर एक रिक्षा. मग तुझा आवाज आला, लांबून, गाद्यांच्या पलीकडून.

"इंदू, मशीन चालू आहे. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. नेत्राला हाक मार."

"ती काय इथं आहे का?"

"नसू दे. मार की एकदा."

"वेडा का काय तू? मला भूक लागलीय. चल, बंद कर ते."

आणि खट्.

मला हे काही आठवत नव्हतं. पद्मनाभलाही नाही. तो मशीनकडं बघत राहिला. विनायक दारात उभा होता, तो आत गेला.

नेत्राला पटलं. गाण्यांनी नाही, हसण्यानं नाही, या शेवटच्या ओळीनं. म्हणाली, "हां, ही आईच." का, ते मला कळलं नाही. आता दिवसातून दहादा तेवढंच लावते. शाळेतून आली की दप्तर टाकते आणि "मला भूक लागलीय, चल, बंद कर ते," म्हणत घरभर फिरते. चाल माझी आहे. 'चल'वर थोडा भार, 'ते' तोडून. काल स्वयंपाकघरात होते, बाहेरून ती म्हणाली, आणि मला वाटलं मीच बाहेर आहे.

मी तुला माफ केलेलं नाही. त्या दिवशी तुझ्या पोटात काय चाललं होतं ते आता मला ऐकू आलं, एवढंच. एक वाक्य सांगायचं होतंस. 'इंदू, तुझा आवाज जाणार आहे.' मी तिथंच शेडमध्ये बसून तिला हाका मारल्या असत्या, मशीन गरम होऊन बंद पडेपर्यंत. तू ते वाक्य गिळलंस आणि 'मार की एकदा' म्हणालास, आणि मी भुकेवर नेलं.

लहानपणापासून तू माझं कधी काही ऐकलं नाहीस. गाणी तू निवडायचास, पट्टी तू ठरवायचास, मी कुठं उभी राहायचं तेही तूच. त्या दुपारी एकदाच मी बंद कर म्हणाले, आणि तू बंद केलंस.

इंदू